जुळलेली लय आणि गळलेली नाममुद्रा

आंबेडकरी गीतांवर आपल्याकडे जे थोडेफार लेखन झाले आहे, ते बहुतेक सगळे शब्दांवर झाले आहे. कवी कोण, आशय कोणता, बाबासाहेबांचा विचार त्यात किती उतरला, प्रतिमा जुन्या की नव्या, एवढे सांगून लेख संपतो. गाणे वाजते कसे, कोणत्या लयीत चालते, कोठे कापले जाते आणि का कापले जाते, इकडे समीक्षक वळत नाही. विद्यापीठात आपण जी समीक्षा शिकलो ती छापील पानासाठी घडलेली होती. पानावरच्या कवितेला ठेका नसतो, तिला कोणी मधेच तोडत नाही, ती ऐकताना कोणी नाचत नाही. त्यामुळे त्या समीक्षेची हत्यारे घेऊन आपण भीमगीताकडे गेलो आणि त्याचे कान सोडून बाकी सगळे तपासून आलो.

आज भीमगीत ज्या रूपात वस्तीच्या कानावर पडते ते रूप म्हणजे नॉनस्टॉप. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत स्पीकरची भिंत लादलेल्या गाडीवरून तास-दोन तास अखंड वाजणारी, एकमेकांत मिसळलेली गाणी. सांगली-कोल्हापूरकडे याला डॉल्बी म्हणतात, मुंबईत डीजे. या रूपाला मी साहित्यकृतीइतकेच गंभीरपणे घेतो, आणि म्हणून तिच्यावर टीकाही करणार आहे. ज्याला आपण गंभीरपणे घेत नाही त्याच्याविषयी आपण फक्त तक्रार करतो. प्रस्थापित मराठी वृत्तपत्रांनी डीजेविषयी वर्षानुवर्षे तेच केले. आवाजाचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तान्हे मूल वा हृदयाचा रुग्ण असेल तर त्याचा त्रास आपल्याच माणसांना होतो. परंतु चौदा एप्रिल आला की ज्यांचे कान एकाएकी नाजूक होतात, त्यांच्याशी वाद घालण्यात या लेखाची पाने मला खर्चायची नाहीत.

दिंडोशी हे डोंगराच्या पायथ्याचे गाव. एका अंगाला १९७७ साली उभी राहिलेली चित्रनगरी, दुसऱ्या अंगाला महामार्ग, मधे चढावर चढत गेलेल्या वस्त्या. चित्रनगरीत लाखोंच्या यंत्रांवर ध्वनी घडतो. खाली वस्तीत माळ्यावरच्या एका खोलीत माझा एक विद्यार्थी जुन्या लॅपटॉपवर तेच काम करतो. यंदा मार्चमध्ये तीन रात्री मी त्याच्या शेजारी बसलो. जयंतीच्या मिरवणुकीसाठी तो चाळीस मिनिटांचा नॉनस्टॉप तयार करत होता.

हे काम बाहेरच्याला वाटते तसे नाही. आधी तो प्रत्येक गाण्याची गती मोजतो. मिनिटाला किती ठोके पडतात तो आकडा, या मुलांच्या भाषेत बीपीएम. (टेम्पो हा शब्दही ती वापरतात, पण आमच्या रस्त्यावर टेम्पो म्हणजे स्पीकर लादलेली गाडी, त्यामुळे 'टेम्पो वाढव' म्हटले की ड्रायव्हर गाडी पुढे काढतो.) मिनिटाला १२० ठोके म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. एका गाण्यातून दुसऱ्यात खंड न पडता जायचे तर दोन्हींचा आकडा एक हवा आणि ठोक्यावर ठोका बसायला हवा. एक गाणे १२० चे आणि दुसरे १२०.५ चे असेल, तर मिनिटभरात दुसऱ्याचा ठोका पहिल्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध येऊन पडतो आणि नाचणाऱ्याचे पाऊल अडखळते. अर्ध्या ठोक्याची चूक हजार माणसांच्या पायांना कळते. संगीताच्या कोणत्या मैफलीत इतके कठोर परीक्षक बसतात?

तबकड्यांच्या काळी हे हाताने होत असे. १९७९ साली आलेल्या टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या यंत्रावर एक सरकपट्टी होती. तिने गती आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करता येई, पण गती वाढली की स्वरही चढत असे. संगणकावर स्वर जागेवर ठेवून काळ तेवढा आकसता येतो. ९६ ठोक्यांचे गाणे १२० वर न्यायचे म्हणजे सव्वापट. जुन्या यंत्राच्या रीतीने ते केले असते तर गायकाचा आवाज जवळजवळ चार अर्धस्वर चढून पोरकट झाला असता. आता आवाज तोच राहतो आणि चार मिनिटांचे गाणे तीन मिनिटे बारा सेकंदांत संपते.

खरी अडचण पुढे आहे. आजचे चित्रपटगीत यंत्राच्या ठोक्यावर ध्वनिमुद्रित होते. पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत त्याची गती एक. आपली जुनी गाणी अशी नाहीत. हार्मोनियम, ढोलकी, टाळ, मागे कोरस, आणि सगळे एकदम. मुखडा ठाय लयीत निघतो, अंतऱ्यागणिक ढोलकीवाला लय चढवतो, गायक शब्दावर थांबला तर तोही थांबतो. संगणकाची मोजपट्टी अशा गाण्यावर ठेवली की पहिल्या ओळीला बसते आणि चौथ्या ओळीला सुटते. मग हा मुलगा ढोलकीची प्रत्येक सम कानाने ओळखून तेथे खूण करतो, आणि खुणेखुणेने सगळे गाणे ओढून सरळ करतो. एका गाण्याला कधी दोन तास लागतात. त्याला कोणी शिकवले नाही. कहरवा आणि दादरा ही नावेही त्याला माहीत नव्हती. 'आठवाला' आणि 'सहावाला' असे तो म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. या श्रमाला आणि या कानाला मी प्रथम सलाम करतो.

परंतु गाणे सरळ करताना काय घडते तेही पाहिले पाहिजे. शाहिरी गायनात लय चढणे ही ढोलकीवाल्याची चूक नसते. तो युक्तिवादाचा भाग असतो. पहिल्या अंतऱ्यात परिस्थिती सांगायची, दुसऱ्यात अन्याय, तिसऱ्यात सवाल, आणि सवालाबरोबर लय चढवून श्रोत्याला जागेवरून उठवायचे, ही रचना सत्यशोधक जलशापासून आंबेडकरी जलशापर्यंत आलेली आहे. भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे' या आपल्या पुस्तकात त्या जलशांचे स्वरूप नोंदवून ठेवले आहे. तेथे गाणे एकटे नव्हते, त्याच्या आगेमागे बतावणी होती, बोलणे होते, श्रोत्याशी वाद होता. लय तेथे आशयाच्या हातात होती. नॉनस्टॉपमध्ये आशय लयीच्या हातात जातो. पहिल्या शब्दापासून सगळे उठलेलेच असतात, त्यामुळे कोणाला उठवायचे राहत नाही.

येथून निवड सुरू होते. दादऱ्यातली गाणी चार-चारच्या ठोक्यावर सहज बसत नाहीत, ती गळतात. फार संथ गाणी सव्वापटीहून अधिक ओढली की शब्द फाटतात, तीही गळतात. ज्या गाण्यात गायक मधे थांबून बोलतो ते तर पहिल्याच चाळणीत जाते. चाळीस मिनिटांत वीसेक गाणी बसवायची असतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटे. त्यात मुखडा दोनदा, कधी तीनदा, आणि पहिला अंतरा. मी कागद घेऊन बसलो होतो. त्या चाळीस मिनिटांत एकाही गाण्याचा शेवटचा अंतरा नव्हता.

शेवटच्या अंतऱ्यात कोण असतो हे या पानांच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. तेथे कवी असतो. चोखोबाने अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले. देवळाच्या पायरीपलीकडे ज्याला जाऊ दिले नाही त्याचे नाव अभंगातून मात्र कोणाला काढता आले नाही. आपल्या शाहिरांनी ती रीत चालू ठेवली. वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले, मुंबईत कष्टाची कामे केली, मोठेपणी अक्षर ओळखले आणि २००४ साली जाईपर्यंत हजारो गाणी रचली. त्यांच्या गाण्याच्या शेवटी 'वामन' येतो. ज्या माणसाच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणाची सही नव्हती, त्याने केलेली ती सही आहे. पुस्तक विकत घेणे ज्याला जमत नव्हते त्यालाही कवीचे नाव त्या एका शब्दामुळे ठाऊक होते. कॅसेटच्या काळात, म्हणजे १९८० नंतर, वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव बारीक झाले किंवा गेलेच. तरी गाणे पूर्ण वाजत होते, म्हणून सही शिल्लक होती. लय जुळवण्याच्या कामात ती सही सर्वांत आधी कापली जाते. कोणी द्वेषाने कापत नाही. ती गाण्याच्या शेवटी असते, आणि नॉनस्टॉपला शेवट नको असतो.

त्या जागी दुसरे नाव येते. दर दीड-दोन मिनिटांनी एका बाईच्या यांत्रिक आवाजात डीजेचे नाव घुमते. प्रथम मला याची चीड आली. तिसऱ्या रात्री ती उरली नाही. हा मुलगा दिवसा कुरिअरची पाकिटे वाटतो. त्याने जुळवलेली फाइल मोबाइलवरून मोबाइलवर जाते, दुसरा कोणी त्यावर आपले नाव टाकून वाजवतो, पैसे तिसऱ्यालाच मिळतात. तो मला म्हणाला, "सर, नाव नाही टाकलं तर सकाळी माझाच ट्रॅक मला ऐकवून सांगतात, बघ कसला बनवलाय." वामनदादांना आपली सही जेवढी हवी होती तेवढीच याला हवी आहे. दोघांची कारणेही फारशी वेगळी नाहीत. एका नाव नसलेल्या माणसाची सही दुसऱ्या नाव नसलेल्या माणसाच्या सहीने पुसली जाते, आणि हे दोघेही आपले आहेत, येथे प्रश्न बिकट होतो.

आणखी एक नाव येथे गळाले आहे, पण त्याचा इतिहास उलटा आहे. गाणे सरळ करून झाले की मुले त्याच्याखाली नवा ठेका भरतात. 'हलगी मिक्स', 'संबळ मिक्स' अशी या प्रकारांची नावे आहेत. हलगीचे चार-आठ ठोके एकदा मुद्रित करून ठेवलेले असतात. तेच पुन्हापुन्हा चिकटवायचे. आता हलगी म्हणजे काय? गावगाड्यात ती हौसेने वाजत नव्हती. मांगांनी, काही भागांत महारांनी, सणाला, लग्नाला, मयताला ती वाजवायची आणि ओंजळभर धान्य घ्यायचे. मार्च १९२७ च्या महाड परिषदेनंतर जी हीन कामे सोडायची चळवळ झाली तिच्यात अनेकांनी वाद्यही खाली ठेवले. तो नकार थोर होता. वाद्य खाली ठेवणाऱ्याला आपण हातातली कला सोडतो आहोत याचेही दुःख झाले असेल, पण त्या दुःखाहून मान मोठा होता. तमिळनाडूत परई या वाद्याचे असेच झाले. मयतीचे म्हणून ते नाकारले गेले आणि पुढे तिथल्या दलित कलावंतांनी आपले म्हणून ते पुन्हा हाती घेतले. २०१८ साली चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा मंचावर आले तेव्हा त्या ताफ्यात परई होती.

महाराष्ट्रात हलगी परत आली ती संगणकातून. वाजवणारा माणूस मागेच राहिला. तोच तुकडा भीमगीताखाली वाजतो, गणपतीच्या गाण्याखाली वाजतो, ज्यांच्या अंगणात हलगीवाल्याला उंबऱ्याबाहेर उभे करत त्यांच्या वरातीतही वाजतो. यावर दोन मते संभवतात. एक, आता ठोक्याला जात राहिली नाही, हे चांगलेच झाले. दुसरे, वाद्य सर्वांचे झाले आणि वादक कोणाचाच राहिला नाही. ज्याच्या हाताचा तो ठोका आहे त्याला एकदाच, तेही मिळाले असतील तर, पैसे मिळाले. मी दुसऱ्या मताचा आहे. खेड्यात अजून हलगी वाजवून पोट भरणारी माणसे आहेत. यंत्राने त्यांची सुपारी घेतली आणि त्यांचा इतिहास मात्र घेतला नाही. मातंग समाजाच्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर बोलले पाहिजे, आणि आपल्यापैकी जे नवबौद्ध आहेत त्यांनी ते मुकाट्याने ऐकले पाहिजे.

या कलेचा जन्म कोठे झाला तेही लक्षात घेतले तर बरे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून घेतले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७३ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जमैकाहून आलेल्या कुटुंबातल्या कूल हर्क या तरुणाने एका इमारतीच्या सामाईक खोलीत तबकड्या वाजवल्या. नाचणारे गाण्यातल्या एका जागेची वाट पाहतात हे त्याने हेरले. ती जागा म्हणजे जेथे गायक गप्प होतो आणि नुसती तालवाद्ये वाजतात. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन त्याने ती जागा लांबवली. ग्रँडमास्टर फ्लॅशने पुढे तबकडीवर रंगाच्या खुणा करून हे काम ठोक्याबरहुकूम केले. माझा विद्यार्थी ज्या खुणा पडद्यावर करतो त्यांचे ते पूर्वज. पण फरक पाहा. तेथे लांबवलेल्या ठेक्यावर माणसे बोलू लागली आणि त्यातून रॅप आले. रिकाम्या ठेक्याने नव्या शब्दाला जागा करून दिली. आपल्याकडे शब्द आधीच होते, तेही भरगच्च, आणि ठेक्याने त्यांना उठवले. आता आपल्या वस्त्यांतूनही रॅप करणारी मुले निघाली आहेत, तीही या ठेक्यावर. तरी जयंतीच्या गाडीवर त्यांना अजून कोणी फारसे चढू देत नाही.

गळालेल्या शब्दांची किंमत मला दिंडोशीत अधिक जाणवते. २ जुलै २०१९ च्या रात्री मालाडच्या जलाशयाची संरक्षक भिंत पिंपरीपाडा आणि आंबेडकरनगरच्या झोपड्यांवर कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे चिखलात गेली. ज्या परंपरेत रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर, जुलै १९९७ मध्ये, विलास घोगरेंसारखा शाहीर दुःखाने जीव देतो, त्या परंपरेत अशा भिंतीवर गाणे झालेच पाहिजे. समजा ते झाले. ते ठाय लयीत असेल. त्यात मेलेल्यांची नावे असतील, आणि नावे घाईने घेता येत नाहीत. मग ते त्याच वस्तीतून जाणाऱ्या मिरवणुकीत कोठे बसेल? मिरवणूक आनंदाची असते हे मला मान्य आहे. माणूस म्हणून रस्त्याच्या मधोमध नाचण्याचा हक्क आपण मिळवला आहे, त्याची थोरवी मी कमी करत नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर हीच माणसे न नाचता रांगेत उभी राहतात. तरीही वर्षातून एकदाच ज्या गाडीसमोर सगळी वस्ती एकत्र येते तिच्यावर दुःखाला एकही मात्रा मिळू नये, हे मला पटत नाही.

तंत्राची सबब येथे चालत नाही. हे मी त्या मुलाकडूनच शिकलो. संथ गाणे १२० वर ओढायची गरज नसते. ६० च्या आसपास चालणारे गाणे तसेच ठेवावे आणि खाली १२० चा ठेका घालावा. गाण्याच्या एका मात्रेत ठेक्याच्या दोन. ढोलकीवाले याला दुगुन म्हणतात आणि शेकडो वर्षे वाजवतात. पाय नाचतात, शब्द आपल्या चालीने चालतात. गेल्या काही वर्षांत आलेल्या सॉफ्टवेअरने जुन्या ध्वनिमुद्रणातला आवाज वाद्यांपासून बराचसा वेगळा काढता येतो, त्यामुळे जुनी ढोलकी नव्या ठेक्याशी भांडत नाही. पूर्वी बेंजो पार्टीवाले एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहत आणि समेवर वळत. गाणे संपवून वळत. ते जमत होते तर हेही जमेल. मी त्याला म्हटले, "अरे, एक तरी गाणे सहीसकट ठेव." तो म्हणाला, "सर, पूर्ण घेतलं तर पब्लिक थांबतं." मी म्हटले, "थांबू दे."

त्याने ठेवले. वामनदादांचे एक संथ गाणे, चारही अंतरे, खाली दुगुन. मिरवणूक पुतळ्यापाशी आली तेव्हा ते लागले. दुसऱ्या अंतऱ्याला पोरांचे नाचणे सैल पडले, संयोजकांपैकी एकाने गाडीकडे हात करून पुढचे लाव अशी खूण केली. तिसऱ्या अंतऱ्याला, मागे निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्यांत चालणाऱ्या म्हाताऱ्या बायांनी गाणे उचलले. त्यांना ते पाठ होते. शेवटच्या ओळीला त्यांनी 'वामन' म्हटले ते स्पीकरच्या थोडे आधी, कारण त्यांची लय अजून चढत होती आणि यंत्राची चढत नव्हती. लगेच पुढच्या ठोक्यावर त्या बाईच्या यांत्रिक आवाजात माझ्या विद्यार्थ्याचे नाव वाजले.

ते तेथून हलव असे मी नंतर त्याला सांगितले. तो म्हणाला, बघतो. पण दोन गाण्यांच्या मधे रिकामे चार ठोके मिळतात ते तिथेच.